अंजलची सोबत

माझे मामाजी, म्हणजे सासरे, मार्गशीर्षात गेले तेव्हा पुढच्या खोलीतल्या काचेच्या पेटीत एकच मासा उरला होता. चपटा, चंदेरी, अंगावर काळे उभे पट्टे, आणि वर-खाली लांबच लांब पर. तो पोहतोय असं वाटायचंच नाही. पाण्यात नुसता उभा आहे असं वाटायचं. नागपूरच्या दुकानदारानं त्याचं नाव एंजल सांगितलं होतं. मामाजींच्या तोंडी त्याचं अंजल झालं आणि मग घरादाराच्या तोंडी तेच बसलं.

पवनीतलं आमचं घर हातमागावर विणणारं आणि विणलेलं विकणारं. मामाजी सुतासाठी अधूनमधून नागपूरला जात. एका खेपेला सुताच्या व्यापाऱ्याच्या गादीवर त्यांनी अशी पेटी पाहिली, आणि पुढच्या खेपेला तसलीच एक लहानशी पेटी मांडीवर धरून एस.टी.नं घरी घेऊन आले. लोखंडी पट्ट्यांची चौकट, पुट्टीनं बसवलेल्या काचा, हवा सोडणारा एक छोटा पंप. तीन-चार घागरी पाण्यात ती भरायची. तेव्हा माझं लग्न होऊन फार दिवस झाले नव्हते. मी दिघोरीची, धानाच्या बांध्यांत, म्हणजे भाताच्या खाचरांत, वाढलेली. मासा म्हणजे रस्सा, एवढंच मला ठाऊक. सासूबाईंनाही, त्यांना मी आई म्हणायची, ते काही पटलं नव्हतं. "वैनगंगेत मासोळ्या कमी पडल्या का जी, तं आता घरात पाहायले आणल्या?" असं त्यांनी मामाजींना सगळ्यांदेखत विचारलं होतं. मामाजी हसले आणि पेटीपुढे स्टूल ओढून बसले. पुढे रोज संध्याकाळी माग थांबला की ते तिथेच असत.

मामाजी गेल्यावर आई तेराव्यापर्यंत रडल्या आणि मग एकाएकी थांबल्या. रडण्याबरोबर त्यांचं बाकीचंही थांबलं. चूल पेटवायच्या, सडा घालायच्या, पण माणसाशी बोलणं नाही. मागासाठी सुताच्या कांड्या भरण्याचं काम त्या लग्न होऊन आल्यापासून करत आलेल्या. चरख्याला त्यांनी हात लावणं सोडलं. जेवायला बसत आणि ताटातला भात इकडचा तिकडे करून उठत. आसगावहून त्यांचे भाऊ दोनदा न्यायला आले. "चाल बाई, चार दिवस माहेरी ऱ्हाय," म्हणाले. आईंनी नकाराची मान हलवली, त्यांना चहा दिला आणि आत निघून गेल्या. भाऊ ओसरीवर बराच वेळ बसून राहिले, मग मला म्हणाले, "लक्ष ठेव जी सूनबाई." मी हो म्हटलं. काय लक्ष ठेवायचं ते मलाही कळत नव्हतं आणि त्यांनाही.

पुढच्या खोलीत तर आई पाऊलच टाकत नसत. त्यामुळे एके रविवारी माझ्या नवऱ्यानं ठरवलं की पेटी रिकामी करून माळ्यावर टाकावी. बादली घेऊन हे उभे होते, गाळणीनं मासा धरायचा खटाटोप चालला होता, तेवढ्यात दारातून आवाज आला.

"कुठं नेऊन राहिला त्याले?"

आम्ही दोघंही दचकलो.

"नदीत सोडतो आई," हे म्हणाले. "एकटाच हाये. इथं मरन."

"अन् नदीत का जगन थो? इतकाले पर घेऊन? कोनीबी खाईन त्याले." आईंनी उंबरा ओलांडला नाही. मग म्हणाल्या, "ऱ्हाऊ दे."

इतक्या दिवसांत त्या सलग एवढे शब्द बोलल्याचं मला आठवत नव्हतं. यांनी बादली खाली ठेवली.

त्यानंतर मासा माझ्याकडे आला, कारण घरात दुसरं कुणी त्याचं करणारं नव्हतं. सकाळी शाळेत जाण्याआधी मी चिमूटभर कोरडं खाणं टाकायची. मी तेव्हा तिथल्याच प्राथमिक शाळेत शिकवत होते. पण अंजल खात नव्हता. पेटीतल्या पाणवनस्पतीच्या मागे, मागच्या कोपऱ्यात तोंड करून उभा राहायचा. खाणं तळाशी जाऊन कुजायचं आणि पाण्याला वास यायचा. एके दिवशी शाळेतून आले तर आई पेटीसमोर उभ्या. हातात चहाची गाळणी, आणि गाळणीत वळवळणाऱ्या डासांच्या अळ्या.

"गाईच्या टाक्यात होत्या," त्या म्हणाल्या. "जित्तं पायजे त्याले. मेलेलं कायले खाईन?"

अळ्या पाण्यात पडल्या आणि अंजल वळला. इतका वेगानं वळला की मी मागे सरले. आई तिथेच उभ्या राहिल्या, अळ्या संपेपर्यंत. मग स्टूल ओढलं, पण बसल्या नाहीत. पदरानं काचेवरचा डाग पुसला आणि आत गेल्या. रात्री मी यांना हे सांगितलं तर हे पुन्हा पुन्हा विचारत राहिले, "स्टूल ओढलं? खरंच?"

तर असं झालं की आईंचं आणि माझं बोलणं माशावरून सुरू झालं. दुसरा विषयच नव्हता म्हणा. त्या म्हणायच्या, "आज कोपऱ्यातच हाये," किंवा "आज वर आला होता." आणि एक दिवस म्हणाल्या, "मासोळी काही एकटी ऱ्हात नाही. ह्याले सोबत आना."

हे ऐकून यांना इतका आनंद झाला की सुताचं काम नसताना नागपूरला गेले. आले तेव्हा हातातल्या प्लास्टिकच्या पिशवीत पाणी, त्यात बारीक बारीक मासे, शेपट्या अशा की रंगपंचमीला कुणी पाण्यात रंगाचे थेंब टाकावेत. तो फाल्गुन महिनाच होता. मुलंबाळं गल्लीतून पाहायला आली. आई प्रथमच स्टुलावर बसल्या आणि अंधार पडेपर्यंत बसून राहिल्या.

सकाळी पाहतो तर पेटीत अंजल, आणि वरच्या कोपऱ्यात पंपाच्या नळीला चिकटून एकच छोटा मासा. बाकीचे कुठे गेले म्हणून यांनी खाली जमीन पाहिली, उड्या मारून पडले असतील म्हणून. आईंनी काही शोधलं नाही. त्या अंजलच्या फुगलेल्या पोटाकडे पाहत होत्या.

"हा तं खादाड निघाला व माय," त्या म्हणाल्या, आणि मला वाटलं आता पुन्हा त्या खोलीत येणार नाहीत. पण त्यांना राग माशाचा आला नव्हता, यांचा आला होता. "एवढालसे कायले आनले? त्याच्या तोंडात जातीन इतके? पाहून आनाव तं." उरलेला तो एक मासा त्यांनी लोणच्याच्या रिकाम्या बरणीत ठेवला.

दुसऱ्या खेपेला यांनी मोठे मासे आणले. आईंनी बोटावर माप दाखवून पाठवलं होतं: इतके. पिवळट-केशरी, अंगावर काळे पट्टे, चपळ. अंजलच्या तोंडात जाणार नाहीत एवढे नक्की होते. पहिले दोन दिवस आम्ही निर्धास्त होतो. ते थव्यानं फिरत, एकमेकांना हुसकत, पेटीत नुसती धांदल. मला तर फार आवडले. मग एका दुपारी शाळेतून आले तर आई दारातच भेटल्या.

"ये, पाय इकडं. कुरतडून राहिले त्याले."

अंजलच्या खालच्या परांची लांब टोकं गेली होती. वरचा पर फाटक्या पदरासारखा झाला होता. तो पाण्याच्या वरच्या कडेला अंग तिरपं करून उभा होता, आणि त्यातला एक पट्टेवाला खालून येऊन झटकन एक लचका तोडून पळून गेला. तो गेला की दुसरा येई. अंजल वळेपर्यंत कुणी तिथे नसे. तो वळायलाच असा सावकाश.

आईंनी बाह्या वर केल्या आणि गाळणी पाण्यात घातली. त्या पट्टेवाल्यांना धरणं म्हणजे उडत्या माशा हातानं पकडणं. आमच्या दोघींचे पदर ओले, जमीन ओली, शेजारची बाई काय आरडाओरडा चाललाय म्हणून पाहायला आली आणि तीही हात घालू लागली. शेवटचा सापडला तेव्हा आई धापा टाकत म्हणाल्या, "मेल्यांनो, तुमच्या अंगात येवढी मस्ती कायची रे?" शेजारीण हसायला लागली. आई हसल्या नाहीत, पण त्यांच्या आवाजात जुना झणका होता. तो मी कितीतरी दिवसांनी ऐकला.

पट्टेवाले मी काचेच्या मोठ्या बरणीत शाळेत नेले. मोठ्या बाईंनी आधी कपाळाला आठ्या घातल्या, मग बरणी स्वतःच्या टेबलावरच ठेवून घेतली. पुढे वर्षभर हजेरीला उशीर करणारी पोरंसुद्धा लवकर यायला लागली, ती बरणी पाहायला. दुसरं कुणी कुरतडायला नव्हतं, तर ते आपसातच मजेत होते.

अंजलचे पर हळूहळू भरले. उन्हाळ्यात पाणी गरम व्हायचं, आई ओलं फडकं पेटीवर टाकायच्या. लाईन गेली की पंप बंद पडायचा, तेव्हा त्या तांब्यानं पाणी वरून वरून सोडायच्या, हवा मिसळावी म्हणून. हे त्यांना कुणी सांगितलं नव्हतं. पण सोबत आणायचं पुन्हा कुणी नाव काढलं नाही. आईंनीही नाही. अंजल पुन्हा वनस्पतीमागे जाऊन उभा राहायला लागला आणि आईही पुन्हा गप्प गप्प झाल्या. ते दिवस मला फार जड गेले. दार उघडलेलं पाहिलं आणि पुन्हा लागताना दिसलं की माणूस जास्त घाबरतो.

पोळा होऊन गेल्यावर शाळेच्या कामानं मला नागपूरला जावं लागलं. काम लवकर आटोपलं, आणि मी विचारत विचारत ते माशांचं दुकान शोधून काढलं. एका अरुंद बोळात, चारी भिंतींना पेट्या, आणि मधे एक म्हातारे गृहस्थ लुंगीवर बसलेले. मी त्यांना सगळं सांगितलं: लहान पेटी, एक एंजल, आधीच्यांना खाल्लं, नंतरच्यांनी त्याला कुरतडलं. म्हटलं, आता दुसरा एंजलच द्या, जोडी होईल.

त्यांनी मान हलवली. "छोटी टंकी में दूसरा मत डालो बेटी. दोनों अपनी जगह के लिए लडेंगे, एक मरेगा."

"मग काय घालू?"

त्यांनी बोटानं हवेत पेटीचा चौकोन काढला. एंजल मधे राहतो, म्हणाले. मधली जागा त्याची. त्याच्या जागेत दुसरा कुणी नको. त्याच्या तोंडात मावेल असा नको, त्याच्यापेक्षा फार चपळ नको, आणि त्याचं खाणं हिसकणारा नको. "नीचे रहनेवाली मछली डालो. नीचे का बचा-खुचा खाएगी, ऊपर देखेगी भी नहीं." मग पेट्यांकडे पाहून म्हणाले, "पर अभी मेरे पास है नहीं. माल कलकत्ते से आता है. दिवाली के बाद पूछो."

इतकं सगळं नीट सांगून त्या माणसानं मला काहीच विकलं नाही. परतीच्या एस.टी.त मी रिकाम्या हातानं बसले होते आणि वाटत होतं, आईंना काय सांगू.

संध्याकाळी आई तांदूळ निवडत बसल्या होत्या. मी शेजारी बसले आणि दुकानदाराचं बोलणं जसंच्या तसं सांगितलं. खाली राहणारी मासोळी म्हटल्यावर त्यांचे हात थांबले.

"खाली म्हंजे? चिखलात?"

"हो, तळाशी."

"बोटायेवढी? तोंडाले मिशा?"

मला तसं काही दुकानदार बोलला नव्हता. पण आईंनी सूप बाजूला ठेवलं. आसगावला त्यांच्या वडिलांच्या बांध्यांत धान निसवायला लागलं आणि पाणी उतरायला लागलं की बांधाच्या तोंडाशी, जिथून एका बांधीतलं पाणी दुसरीत पडतं, तिथे चिखलात अशी मासोळी सापडायची. अंगावर ठिपके. चिमटीत धरली की चिखलात निसटायची. लहानपणी त्या आणि त्यांचे भाऊ तासन्‌तास तिथे बसायचे. मलाही ती आठवली, आमच्या दिघोरीतही होती. आम्ही दोघी तिचं नाव सांगायला लागलो तर आसगावचं नाव वेगळं आणि दिघोरीचं वेगळं. दोघीही आपलंच नाव खरं म्हणून अडून बसलो. शेवटी मी म्हटलं, बरं, मिशावाली म्हणू.

"थे कोनाले तरास नाही देत," आई म्हणाल्या. "चिखलातच तिचं सगळं." मग सूप पुन्हा पुढ्यात ओढलं. "पानी आता उतरत असन," म्हणाल्या. "आसगावले जाऊन येऊ काय?"

मी उठले आणि आत जाऊन यांना सांगितलं. हे माग सोडून बाहेर आले. आले तसे खुंटीवरची पिशवी काढून तिच्यातली धूळ झटकायला लागले.

पुढच्या रविवारी आम्ही दोघी आसगावला गेलो. आईंच्या भावांनी आम्हाला रस्त्यातच पाहिलं, कारण ते बैल घेऊन शेताकडे निघाले होते. आधी त्यांना वाटलं काही वाईट बातमी आहे. "काय झालं जी?" त्यांचा चेहरा पडला.

"काही नाही झालं," आई म्हणाल्या. "मासोळी पायजे."

भाऊ बघतच राहिले. मग बैलाचा कासरा दुसऱ्या हातात घेऊन डोळे पुसले आणि म्हणाले, "चाल मंग."

धान पोटरीतून बाहेर आलं होतं. बांधावरचं गवत ओलं, आणि खाली पाणी घोट्याएवढं. आईंनी लुगड्याचा काचा वर खोचला आणि टोपली घेऊन बांधाच्या तोंडाशी उतरल्या. त्यांच्या भावजय मागून ओरडत आल्या, "अवो बाई, या वयात चिखलात कायले जाऊन राहिल्या? मी पोराइले सांगतो नं!" आईंनी ऐकलं नाही. टोपली चिखलाला टेकवून त्यांनी पायानं समोरचा गाळ ढवळला, थोडं थांबल्या आणि टोपली उचलली. पाणी गळून गेल्यावर टोपलीत काडीकचरा, दोन-चार चमकत्या बारक्या मासोळ्या आणि एक मिशावाली.

चमकत्या मासोळ्या मला फार सुंदर वाटल्या. मी म्हटलं, ह्याही नेऊ. आईंनी एक तळहातावर घेतली, तिचं तोंड पाहिलं, अंग पाहिलं. "नोको. ह्या त्याच्या तोंडात जातीन." पाण्यात सोडून दिल्या. एक मिशावाली फार मोठी आली, तीही सोडली. लहान पेटीत तिला वळायला जागा पुरायची नाही म्हणाल्या. मध्यम अंगाच्या तीन-चार ठेवल्या. त्यांच्या भावांना एकही धरता येईना; ते चिखलात बसकण मारून पडले तेव्हा आई टोपली बाजूला ठेवून हसल्या. तोंडावर पदर न घेता, मोठ्यानं. भावजय माझ्याकडे पाहत होत्या, मी त्यांच्याकडे. मी बांधावरच खाली बसले.

पितळेच्या गुंडात शेतातलं पाणी भरून, वर फडकं बांधून आम्ही मासोळ्या पवनीला आणल्या. आईंनी त्या लगेच पेटीत घातल्या नाहीत. घमेल्यात काही दिवस ठेवल्या, चिखल सुटेपर्यंत, आणि रोगराई नाही ना ते पाहायला. मग एका सकाळी एकेक करून सोडल्या. मिशावाल्या सरळ तळाशी गेल्या आणि तिथल्या वाळूत त्यांनी स्वतःला अर्धं गाडून घेतलं. नुसते डोळे बाहेर. अंजल खाली आला, त्यांच्यावर एकदा फिरला, काही क्षण थांबला आणि वर निघून गेला. एवढंच. आम्ही तिघं श्वास रोखून बसलो होतो ते एवढ्यासाठी.

दुसऱ्या दिवशी सगळे जिवंत. तिसऱ्या दिवशीही. अंजलच्या तोंडातून निसटलेल्या अळ्या तळाशी पडायच्या आणि मिशावाल्या त्या टिपायच्या. पाण्याचा वास गेला. आणि अंजल वनस्पतीमागून बाहेर येऊन मधोमध उभा राहायला लागला. खाली हालचाल दिसते म्हणून त्याला धीर आला, असं आई म्हणायच्या. खरं काय ते मला माहीत नाही.

इथेच थांबलं असतं तर बरं होतं. पण दिवाळीच्या आधी घराची साफसफाई निघाली, आणि आई शेजारी गेलेल्या असताना यांना वाटलं, आईला खूश करावं. यांनी पेटीतलं जवळजवळ सगळं पाणी उपसलं, काचा घासल्या आणि नळाचं ताजं पाणी भरलं. त्या आठवड्यात गावात जुलाबाची साथ होती आणि नळाच्या पाण्यात औषध जास्त टाकत होते. पिण्यासाठी आम्ही ते पाणी रात्रभर उघडं ठेवून, औषधाचा वास उडाल्यावरच घ्यायचो. पेटीत भरताना यांच्या ते ध्यानात आलं नाही.

मी शाळेतून आले तेव्हा खोलीत ब्लीचिंग पावडरचा वास होता. अंजल आडवा पडला होता. पाण्याच्या वर, एका अंगावर, कल्ला उघडझाप करत. मिशावाल्या वरपर्यंत येऊन हवेचे घोट घेत होत्या. हे समोर उभे होते, हातात ओलं फडकं, आणि चेहरा पांढराफटक.

"काय केलं मी?" हे म्हणाले. "काचाच तं पुसल्या नं."

मी काही बोलायच्या आत आई दारात आल्या. त्यांनी वास घेतला, पेटी पाहिली आणि ओरडल्या नाहीत. "विहिरीचं पानी आना," म्हणाल्या. "लवकर."

हे घागर घेऊन धावले. मी बादली घेतली. शेजारणीनं विचारलं, मी तिला नुसतं "मासा" म्हटलं, आणि तीही कळशी घेऊन निघाली. गल्लीच्या टोकाशी विहीर होती. आम्ही येईपर्यंत आईंनी घमेलं मांडून ठेवलं होतं. विहिरीचं पाणी त्यांनी हातानं पाहिलं. त्या दिवसांत ते कोमट असतं. घमेल्यात ओतलं आणि दोन्ही ओंजळींत अंजलला उचलून त्यात ठेवलं. तो पुन्हा आडवा झाला. आईंनी त्याला तळहातावर उभा धरला, पाण्यातच, बोटांनी दोन्ही बाजूंनी आधार देऊन, आणि तशाच बसून राहिल्या. मिशावाल्या मी दुसऱ्या भांड्यात काढल्या. त्या चिवट, थोड्याच वेळात खाली जाऊन बसल्या.

हे भिंतीला टेकून बसले होते. मामाजी गेले तेव्हा यांनी सगळं केलं होतं, अग्नी दिला, माणसं सांभाळली, दुकान सुरू ठेवलं. मी यांना रडताना पाहिलं नव्हतं. आता यांच्या खांद्याला हिसके बसत होते. "बाबांचा एवढा एकच होता," हे म्हणाले, "अन् थोबी मी मारला."

आईंना उठता येत नव्हतं, हात पाण्यात होते. "इकडं ये," त्या म्हणाल्या. "बस इथं. मेला नाही थो. पाय, माह्या बोटाले लागून राहिला त्याचा पर. हालून राहिला." हे सरकून जवळ बसले. आईंनी कोपरानं यांच्या पाठीला टेकू दिला. दोघंही घमेल्यात पाहत बसले. मी दिवा लावला आणि चहा टाकला, कारण दुसरं काय करावं ते सुचेना. चहा गार झाला.

केव्हातरी आईंनी हळूच बोटं सैल केली. अंजल तिरपा झाला, आणि आम्हाला वाटलं पडला. मग परांची एक हालचाल झाली आणि तो सरळ झाला. घमेल्याच्या कडेपर्यंत गेला. तिथे उभा राहिला. आईंनी हात बाहेर काढले. बोटं पाण्यानं सुरकुतली होती.

"उभा राहिला," त्या म्हणाल्या. आणि मग यांच्या डोक्यावरून तो ओला हात फिरवला.

हे हसत होते की रडत होते ते सांगता येणार नाही. शेजारीण दारात उभी होती, तिनं मोठा निःश्वास टाकला आणि म्हणाली, "बरं झालं बाप्पा," आणि आपली कळशी घेऊन गेली. त्या रात्री आईंनी स्वतः भात टाकला आणि आम्हा दोघांना वाढून झाल्यावर स्वतःचं ताट घेऊन आमच्यासोबत बसल्या. दुसऱ्यांदा भात मागितला.

त्यानंतर पेटीचं पाणी आई स्वतःच बदलायच्या, थोडं थोडं, विहिरीचं, आदल्या दिवशी आणून ठेवलेलं. पौष लागायच्या आत त्या पुन्हा कांड्या भरायला बसल्या. चरखा त्यांनी पुढच्या खोलीत आणला, कारण उजेड चांगला येतो म्हणाल्या. दुकानात गिऱ्हाईक आलं की आतून भाव सांगायच्या, आणि भाव चुकला तर यांना बोलायच्या. हे एकदा नागपूरहून आले तेव्हा म्हणाले, मोठी पेटी मिळते आहे, आणखी मासे घालता येतील, घेऊ का? आईंनी कांडीवरचा धागा तोडला नाही, मान वर केली नाही.

"कायले?" त्या म्हणाल्या. "याइचं बरं चालून राहिलं. हात नको लावू."

हे माझ्याकडे पाहून हसले आणि सुताचं गाठोडं सोडायला बसले.